वसंत देसाई यांची स्वररचना : शब्दोच्चाराच्या दृष्टीने परीक्षण

शब्द हा सुराचा स्वामी की सेवक, हा वाद फार जुना आहे. इटलीत क्लाउदिओ मोंतेवेर्दी याच्या पक्षाने १६०७ साली शब्द हीच स्वरमेळाची स्वामिनी होय, असे प्रतिपादन केले. पुढे १७८६ साली अंतोनिओ सालिएरी याने 'आधी संगीत, मग शब्द' अशा अर्थाचे नाव असलेली एक लहानशी संगीतिका व्हिएन्नात सादर केली आणि त्याच वादाला विनोदाचे रूप दिले. मराठी रंगभूमीवर हा प्रश्न उभा राहिला तो निराळ्या रीतीने. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकापासून, म्हणजे १८८० पासून, नाटककाराने प्रचलित चाली मनात धरून पदे रचावयाची, असा प्रघात पडला. १९११ सालच्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी चाली नव्या आणल्या. परंतु चाल आधी आणि पद मागाहून, हा क्रम पालटला नाही. नटाच्या गळ्याचे सामर्थ्य एवढे मोठे होते की, शब्द मध्येच तुटला अथवा लघु अक्षर अकारण ताणले गेले, तरी श्रोता त्याची तक्रार करीत नसे. बोलपट आला आणि ध्वनिग्राहक यंत्रासमोर गाणाऱ्याचा प्रत्येक उच्चार उघडा पडू लागला. या संधिकाळात ज्यांची घडण झाली त्या संगीतकारांत वसंत देसाई यांची गणना करावी लागते.

वसंत कृष्ण देसाई यांचा जन्म १९१२ साली कुडाळ भागातील सोनवडे या गावी झाला. तो प्रदेश त्या वेळी सावंतवाडी संस्थानात मोडत असे; आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. तरुणपणीच ते कोल्हापुरात, १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे पडेल ते काम करणे, लहानसहान भूमिका करणे, गाणे आणि संगीतदिग्दर्शकांना साहाय्य करणे, अशा क्रमाने त्यांचे शिक्षण झाले. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिराची स्थापना केली तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर होते. 'शकुंतला' (१९४३) व 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) यांपासून 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यांपर्यंत राजकमलच्या अनेक चित्रपटांचे संगीत त्यांचे आहे. मराठीत 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'अमर भूपाळी' (१९५१), 'श्यामची आई' (१९५३) हे चित्रपट व 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०), 'जय जय गौरीशंकर' (१९६६) ही नाटके त्यांच्या नावावर आहेत. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहकाच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्याविषयी दोन मते रूढ आहेत. पहिल्या मतानुसार देसाई हे मुख्यतः शालेय प्रार्थनांचे संगीतकार होत; त्यांच्या चाली सोप्या, म्हणून लोकप्रिय आणि म्हणूनच चिकित्सेस अपात्र. दुसरे मत जिल्ह्याच्या अभिमानातून आले आहे. त्यानुसार त्यांच्या चालींत कोकणचा समुद्र, माडांची सळसळ आणि दशावताराचा ठेका ऐकू येतो. पहिले मत अन्यायाचे आहे, तर दुसरे प्रेमाचे. पण दोहोंत चालीचे प्रत्यक्ष परीक्षण नाही, हा दोष समान आहे. सोपेपणा कशाने साधला, हे पहिल्या मताने पाहिले नाही. समुद्र चालीच्या कोणत्या अंगात ऐकू येतो, हे दुसऱ्याने सांगितले नाही.

देसाई यांचे शिक्षण ज्यांच्या सहवासात झाले त्या तिघांकडे प्रथम पाहावे. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. त्यांची दृष्टी चालीचा घाट आधी पाहणारी. 'संत तुकाराम' (१९३६) व 'कुंकू' (१९३७) यांचे संगीतकार केशवराव भोळे यांना गीतातील भाव व त्याचा शब्द महत्त्वाचा वाटे. 'माणूस' (१९३९) व 'शेजारी' (१९४१) यांचे संगीतकार मास्तर कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. विस्तीर्ण रागगायकीचा अर्क अल्पावकाशात कसा उतरवावा, हे त्यांच्या रचनेत दिसे. घाट, भाव आणि संक्षेप या तीन गोष्टी देसाई यांना एकाच छताखाली ऐकावयास मिळाल्या. त्यांनी यांपैकी कोणा एकाचे अनुकरण केले नाही. तिघांच्या रीतींचा मेळ घालण्यासाठी त्यांनी जो आधार धरला, तो शब्दाच्या उच्चाराचा होय, असे त्यांच्या रचनांवरून दिसते.

हे विधान तपासण्यापूर्वी भाषेची एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. मराठीत व हिंदीत शब्दान्तीचा 'अ' लिहिला जातो, पण बोलताना उच्चारला जात नाही. 'देव' हा शब्द अभंगात दोन अक्षरांचा गणला जातो. बोलण्यात मात्र तो एकाच व्यंजनान्त अवयवाचा असतो. स्वर लांबविता येतो. 'क', 'ट', 'प' यांसारखे स्पर्श व्यंजन लांबविता येत नाही. म्हणून गाणाऱ्यास दोनच मार्ग उरतात : लोपलेला 'अ' पुन्हा उभा करून त्यावर सूर धरावयाचा, किंवा आधीचा स्वर ताणून शेवटी व्यंजन मिटवावयाचे. एकटा गायक यांतून वाट काढतो. परंतु शंभर मुले एकत्र गात असता ओळ स्पर्श व्यंजनावर संपली, तर शंभर मुखे शंभर वेगवेगळ्या क्षणी मिटतात आणि गाणे विस्कटते. समूहगानाची खरी कसोटी ओळीच्या शेवटी लागते.

आता 'दो आँखें बारह हाथ' मधील प्रार्थना पाहावी. गीत भरत व्यास यांचे. ध्रुवपदातील यमक मकारान्त आहे. 'म' हे व्यंजन असले तरी अनुनासिक आहे. ओठ मिटल्यावरही त्याचा नाद नाकावाटे चालू राहतो. या शब्दांची निवड कवीची, तिचे श्रेय कवीलाच द्यावयास हवे. संगीतकाराचे श्रेय असे की, त्याने ओळीतील विश्रांतीचा सूर नेमका या मकारापाशी आणून ठेवला. मागे राहिलेला गाणारा त्या नादात येऊन मिळतो आणि पुढे गेलेला तेथे थांबून राहतो. ओळीच्या मध्यभागी बहुतेक ठिकाणी एका अक्षरास एकच स्वर आहे, त्यामुळे शब्द कोठेही फाटत नाही. चित्रपटात ही प्रार्थना शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या जीवनाशी बांधलेली आहे. ती त्यांच्या तोंडी शोभावी, तर तीत गळ्याची तयारी दिसता कामा नये, हे रचनेतील औचित्यही येथे सांभाळले गेले आहे.

'गुड्डी' (१९७१) मधील गुलजार यांच्या प्रार्थनेत ओळींचा शेवट दीर्घ सानुनासिक 'एं' वर होतो. येथे मुख उघडे राहते, नादही चालू राहतो. साधन निराळे, पण हेतू तोच. या चालीस केदार रागाचा आधार आहे. केदारासारखा वक्र चालीचा राग शाळकरी मुलांच्या गळ्यात उतरविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. रागाचे वळण शब्दाच्या वळणात मिळून गेल्यामुळे मुलांस आपण राग गात आहो याची जाणीवही होत नाही. त्याच चित्रपटात वाणी जयराम यांनी गाइलेले मियाँ मल्हारातील गीत आहे. तेथे गायिका एकटी आणि तयारीची असल्याने अक्षरावर स्वरांची नक्षी मुक्तपणे येते. म्हणजे सोपेपणा हा देसाई यांच्या सामर्थ्याची मर्यादा नसून गाणारा कोण, यावरून ठरणारी त्यांची निवड होती. पहिले रूढ मत येथे टिकत नाही.

संस्कृताच्या बाबतीत हा विचार अधिक स्पष्ट होतो. कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी रचलेले 'मैत्रीं भजत' हे गीत एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात गाइले. त्याची चाल देसाई यांची. संस्कृतात अन्त्य 'अ' लोपत नाही आणि लघुगुरुत्व उच्चारातच ठरलेले असते. 'मैत्रीं' यातील दोन्ही अक्षरे गुरू, 'भजत' यातील तिन्ही अक्षरे लघू. चालीने पहिल्या शब्दास ऐसपैस जागा दिली आणि दुसऱ्याची अक्षरे जवळ जवळ ठेवली. यमनकल्याण व काफी या रागांतून जाणारी ही रचना उत्तरेच्या वळणाची आहे. गायिका कर्नाटक पद्धतीची. आणि श्रोते बहुतांशी दोन्ही पद्धतींस व भाषेसही अपरिचित. अशा स्थितीत आशय पोचवावयाचा, तर अक्षराच्या शुद्ध कालमानावाचून दुसरा आधार नव्हता.

मराठी शाहिरी रचनेत प्रश्न उलट्या बाजूने येतो. रामजोशांच्या लावणीत संस्कृतप्रचुर समास आणि दाट यमके एकावर एक येतात. ढोलकीच्या वेगात ती एकमेकांवर आदळून अर्थ हरवण्याचा धोका असतो. 'लोकशाहीर रामजोशी' मध्ये ठेक्याचा आघात शब्दाच्या आरंभाशी जुळवून घेण्याकडे संगीतकाराचा कल आहे. 'अमर भूपाळी' मधील होनाजीच्या रचनेस हीच पद्धती लावली असता लय संथ होते आणि दोन कंठांत वाटलेले शब्द प्रातःकाळच्या संथ बोलण्यासारखे येतात. दोन शाहीर, दोन गती, पण शब्दाची सीमा दोन्हीकडे अभंग.

याविरुद्ध जाणारी उदाहरणे दडविणे योग्य होणार नाही. 'झनक झनक पायल बाजे' चे शीर्षकगीत अमीर खाँ यांनी अडाणा रागात गाइले आहे आणि त्यात तानांपुढे शब्द गौण ठरतो. परंतु तेथील मुख्य शब्द अनुकरणवाचक आहेत. त्यांचा अर्थ म्हणजेच त्यांचा नाद. असा शब्द तानेत विरघळला, तर अर्थाची हानी होत नाही. 'गूँज उठी शहनाई' (१९५९) मध्ये बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आहे. शहनाईस व्यंजने नाहीत. कंठाने म्हटलेली ओळ शहनाईने पुन्हा म्हणावयाची, तर ती ओळ व्यंजने वजा केल्यावरही ओळखता आली पाहिजे. त्यासाठी बोलण्याचा चढउतार चालीत आधीच मुरलेला असावा लागतो. ही उदाहरणे नियमाचा भंग करीत नाहीत, त्याची कक्षा दाखवितात.

खरा दोष अन्यत्र आहे. उच्चाराशी एवढी निष्ठा ठेवणारा संगीतकार वाक्याशी मात्र नेहमी तेवढीच निष्ठा ठेवतो असे नाही. वर उल्लेखिलेल्या १९५७ च्या प्रार्थनेत अंतरे तीन आहेत. एकात अंधाराचे भय, दुसऱ्यात मनुष्याच्या दुर्बलतेची कबुली, तिसऱ्यात अन्यायास सामोरे जाण्याचा निश्चय. पण तिघांची चाल एकच. अक्षर निर्दोष राहते, अर्थाचा पालट मात्र सुरात उमटत नाही. पाठांतरास सुलभ असावे, हा समूहगानाचा धर्म सांभाळताना ही किंमत मोजली गेली आहे. मोंतेवेर्दीच्या पक्षाने शब्दाचे स्वामित्व मागितले ते भावपालटासह; देसाई यांच्या प्रार्थनांत शब्दाला ते निम्मेच मिळाले, असा निर्णय द्यावा लागतो.

आता कोकणच्या दाव्याविषयी. कुडाळ, वालावल, मालवण या पट्ट्यात दशावताराचा रात्रभर चालणारा खेळ रूढ आहे. त्यात पदे पेटी, मृदंग व झांज यांच्या साथीने म्हटली जातात. संवाद मात्र लिहिलेले नसतात. राजा, देव, ऋषी ही पात्रे ग्रांथिक मराठी बोलतात, तर संकासुर मालवणीत बोलतो. एकाचा 'घोडा' तो दुसऱ्याचा 'घोडो'. एकाच रात्री, एकाच रंगभूमीवर भाषेच्या दोन पातळ्या स्पष्ट उच्चारांनी वेगळ्या ठेवल्या जातात आणि प्रेक्षक त्या कानांनीच ओळखतो. मराठी, हिंदी व संस्कृत या तीन भाषांच्या उच्चारधर्मांत गल्लत न करणाऱ्या संगीतकाराशी या प्रदेशाचे नाते जोडावयाचे असेल, तर ते समुद्राच्या लाटांपेक्षा या श्रवणाच्या संस्काराशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरेल. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु उच्चार तपासता येतो, लाटा तपासता येत नाहीत. म्हणून या अनुमानास अभ्यासाची वाट मोकळी आहे.

ही वाट चोखाळण्याची निकड आहे. देसाई यांच्या दोन प्रार्थना असंख्य शाळांत म्हटल्या जातात आणि म्हणणाऱ्या मुलांस त्यांच्या कर्त्याचे नाव ठाऊक नसते. लोकगीताच्या वाट्यास जे अनामिकत्व पिढ्यांनंतर येते, ते या चालींस कर्त्याच्या मागे अर्ध्या शतकातच प्राप्त झाले. रचनेचे याहून मोठे यश कोणते? परंतु भाषाभ्यासकास एवढ्यावर समाधान मानता येत नाही. आपल्या विद्यापीठांत कवितेचे छंद लिखित पानावरून शिकविले जातात. अन्त्य 'अ' चा लोप व्याकरणाच्या तासाला सांगितला जातो. आणि त्या दोहोंची गाठ जेथे रोज सकाळी पडते, त्या प्रार्थनेच्या रांगेकडे कोणाचे लक्ष जात नाही. सोनवड्याच्या या संगीतकाराने ती गाठ कशी सोडविली, याची नोंद त्याच्या नावासह होणे अगत्याचे आहे.