मावळ्याच्या अंगाचा रंग

(देवगाव रंगारी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोरच्या बाकावर दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं ठेवली आहेत. बोटाएवढी आहेत, मागच्यांना दिसणार नाहीत. व्याख्यान संपलं की हातात घेऊन बघा. भालदार आहे, तोफवाला आहे, मोळीवाली आहे, सिंहासनावर महाराज आहेत. पागोटी, अंगरखे, लुगडी सगळी वेगवेगळी. पण हात आणि चेहरे बघितले तर सगळ्यांना एकाच डब्यातला गुलाबी. उन्हातान्हात डोंगर चढणारा मावळासुद्धा गुलाबी. आमची तक्रार या रंगाबद्दल आहे.

कारागिराला दोष देणं सोपं आहे, ते आम्ही करणार नाही. चित्रं ओळीनं मांडायची, आधी सगळ्यांचं अंग रंगवून घ्यायचं, मग कपडे, शेवटी डोळे आणि मिशा. अंगाचे चार रंग केले तर काम रेंगाळतं, आणि गिऱ्हाईक तसं मागतही नाही. म्हणजे प्रश्न गिऱ्हाइकाचा, आपला आहे.

बरं, दुसरा रंग आपल्याला चालत नाही असंही नाही. गोरापान विठोबा कुणी विकायला ठेवला तर आपण हसू. देखाव्यातला दैत्यही आपण काळाच करतो. देव काळा चालतो, दैत्य काळा चालतो. मधला माणूस मात्र काळा झाला की लगेच कुणीतरी म्हणतं, जरा उजळ करा हो.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. शाळेतल्या लेकरांसाठी आम्ही चित्रं रंगवायचं शिबिर घेतलं, तेव्हा मोठ्या अभिमानानं अंगाचे तीन रंग कालवून ठेवले. नमुन्याची चित्रं आम्हीच रंगवली. वाळल्यावर ओळीत लावली आणि गप्प बसलो. महाराज आणि सरदार गोरे, शिपाई गव्हाळ, मोळीवाली सगळ्यांत काळी! असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं, हात आपोआप तिकडं गेला होता. एकच रंग होता तेव्हा निदान सगळे सारखे तरी होते. आम्ही रंग वाढवले आणि उतरंड रचून ठेवली.

ही सवय जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पात्रांना रंग कसे लावायचे ते सांगितलंय. तिथं ब्राह्मण-क्षत्रिय गौर आणि वैश्य-शूद्र श्याम असा चक्क नियम आहे. पुढचा मुक्काम मुंबईत, भायखळ्याला. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. तिथं निरनिराळ्या समाजांच्या, धंद्यांच्या, पेहरावांच्या लहान लहान मातीच्या मूर्ती आहेत. काम बारीक आहे, बघत राहावं असं आहे. पण अशा मांडणीत एक मूर्ती म्हणजे एक अख्खा समाज होतो. तिथं त्वचेचा रंगसुद्धा पगडीसारखा ओळखपट्टी बनतो. जिवंत माणसांचं तसं नसतं. एकाच घरात, एकाच आईची तीन लेकरं तीन रंगांची असतात. आजच्या या सभेतही एका ओळीवर नजर फिरवली तरी कळेल.

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व बघायला सगळे जातात. त्याच्याजवळच दागिन्यांनी सजलेली काळीसावळी राजस्त्री आहे, तिच्याकडंही नीट बघा. पाचव्या शतकातल्या त्या चितारीनं तिला काळी केली म्हणून दासी केली नाही. नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर उजाळा देऊन चेहरा उठवायची त्या चितारींची रीत आहे. काळा रंग म्हणजे नुसता अंधार नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं साहित्य तरी काय? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. दुरून आणलेला लाजवर्दी निळा तेवढा महाग. बाकीच्या मातीतूनच त्यांनी माणसांचे इतके रंग काढले.

कुणी म्हणेल, महाराज गोरेच होते. असतील. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीबद्दल एस्कॅलियट नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पत्र आहे. त्यात महाराज आपल्या सगळ्या माणसांपेक्षा उजळ असल्याचं म्हटलंय. पण तो पुरावा घ्यायचा तर पुरता घ्या. त्यांची माणसं त्यांच्याहून सावळी होती, हेही त्याच वाक्यात आलं. मग किल्ल्यावरचा मावळा गुलाबी कशाच्या आधारानं?

आता करायचं कसं ते सांगतो, कारण नुसती टीका करून चित्र रंगत नाही. काळ्या त्वचेसाठी डब्यातला काळा लावू नका, नाकडोळे बुडून जातात. गेरू घ्या, त्यात थोडी काजळी, थोडी पिवडी. उजाळा देताना पांढरा मिसळला की अंगाला राख फासल्यासारखं दिसतं. तिथं पिवडी वाढवा किंवा किंचित नारिंगी. सावलीलाही लालसर गडद तपकिरी लावा. तळहात थोडे फिके ठेवा. चित्र बोटभर असतं, त्याच्यावर स्वतःची सावली नीट पडत नाही. म्हणून पागोट्याखालची, नाकाखालची, मानेची सावली आपणच रंगवायची, आणि खऱ्यापेक्षा थोडी जास्त. शेतात राबणाऱ्या माणसानं पागोटं काढलं की कपाळावर रेघ दिसते बघा, वर फिकं, खाली रापलेलं. तेवढी एक रेघ ओढली तरी मावळा उन्हातून आल्यासारखा वाटतो.

आणि उतरंड मोडायला आम्ही साधा उपाय केला. चिठ्ठ्या टाकल्या. कुठल्या चित्राला कुठला रंग, ते चिठ्ठी ठरवणार, आपला हात नाही. त्या वर्षी एक सरदार काळाकुळकुळीत निघाला आणि मोळीवाली गोरी. सुरुवातीला ओळ विचित्र वाटली, दोन दिवसांनी ती गावासारखी दिसू लागली.

त्याच शिबिरात पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, स्किन कलर संपला, आता काय लावू?" तिला तो फिका गुलाबी हवा होता. खडूच्या पेटीतल्या या रंगाला लेकरं अजून स्किन कलरच म्हणतात. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं आपल्या तशाच खडूवरचं 'त्वचा' या अर्थाचं नाव १९६२ सालीच बदललं होतं. मुलीच्या हातावर नुकताच कालवलेला गेरू-काजळीचा रंग सांडला होता आणि तो तिच्या कातडीत दिसतही नव्हता. आम्ही तिला म्हटलं, हात बघ. तिनं बघितलं, मग मावळ्याकडं बघितलं आणि विचारलं, "असा चालतो?"

त्या प्रश्नासाठी आम्ही आज इथं आलो. गावाच्या नावातच रंगारी आहे, तेव्हा वेगळं काय सांगावं? बाकावर न रंगवलेली चित्रंही आहेत, रंग कालवलेले आहेत आणि चिठ्ठ्या वाटीत आहेत. लेकरांना पुढं पाठवा.