‘पारधी टोळी जेरबंद’: नियम आहे, तरी बातमी अशीच का?

‘पारधी टोळी जेरबंद’ या साच्याचं शीर्षक तुम्ही कधी ना कधी वाचलं असेलच. आता ‘पारधी’च्या जागी तुमची जात घालून वाचा. खटकतं ना?

समजा, खडकी स्टेशनजवळ घरफोडी झाली आणि चार जण पकडले गेले. ते तुमच्या-माझ्या ओळखीच्या सोसायटीतले असतील तर बातमीत नाव, वय, पत्ता येतो. पारधी असतील तर बहुतेकदा नावाआधी जमात येते. गुन्हा चौघांचा, पण शिक्का सगळ्या जमातीवर.

याचं मूळ 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. त्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांनी पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर कायम ठेवली. महाराष्ट्रात असा कायदा 1959 चा आहे.

मग वृत्तपत्रांवर कुणाचा अंकुश? भारतीय प्रेस कौन्सिलचा. तिच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की जातीचा उल्लेख टाळावा, विशेषतः त्यातून त्या जातीची बदनामी होत असेल तेव्हा. ब्रिटनमधल्या ‘इप्सो’ या संस्थेचा भेदभावाचा नियम फक्त व्यक्तीबद्दलच्या उल्लेखाला लागू होतो. त्यामुळे जिप्सी किंवा ट्रॅव्हलर समाजाला सरसकट झोडपलं तरी तो कामाला येत नाही. म्हणजे कागदावर आपला नियम जास्त चांगला आहे!

पण नियम वापरायचा कुणी? 1978 च्या कायद्यानुसार कौन्सिल ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. टीव्ही आणि यूट्यूब चॅनेल तिच्या कक्षेत नाहीत. तक्रारदाराने आधी संपादकाला लिहायचं, मग ठरलेल्या मुदतीत कौन्सिलकडे जायचं. पालावर राहणाऱ्या, आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा! तक्रारी कमी म्हणजे पूर्वग्रह कमी, असं समजणारा प्रबंध म्हणूनच पहिल्या पानावरच फसतो.

दुसरी चूक जास्त गंभीर. शीर्षकं मोजायची, टक्केवारी काढायची आणि दोष वार्ताहराच्या माथी मारायचा. गुन्हेवार्ता बऱ्याचदा पोलिसांच्या प्रेसनोटवरून लिहिली जाते. जमात तिथेच लिहिलेली होती की डेस्कवर जोडली गेली? प्रेसनोट आणि छापील बातमी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही. नियमनाचं औषध कुठे लावायचं, हेही त्यावरच ठरतं.

तिसरी चूक कार्यकारणाची. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. अफवा मोबाईलवर फिरत होती, वृत्तपत्रात छापून आली नव्हती. ‘माध्यमांनी मारलं’ असं लिहाल तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. पण अनोळखी भटका दिसला की संशयच का येतो, हा प्रश्न उरतो. तिथे गुन्हेवार्तांचा वाटा किती, हे तपासता येतं. गृहीत धरता येत नाही.

आणि पत्रकारिता म्हणजे फक्त आरोपी, असंही नाही. तुरुंगांतल्या जातिभेदावर पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्यावरही कडक ताशेरे ओढले.

तुरुंगाच्या नोंदवहीतून तो रकाना काढायचा, तर प्रेसनोटमध्ये तो कशासाठी? विषय शोधत असाल तर इथून सुरुवात करा: एकच जिल्हा, एकच वर्ष, प्रेसनोट आणि बातमी. आणि ज्यांच्याबद्दल ती छापली, त्या वस्तीत जाऊन ती त्यांना वाचून दाखवा. ते काय म्हणतात, ते तुमच्या प्रबंधात परिशिष्टात नको, मुख्य प्रकरणात हवं.