जपानी भाषेतील विरहभावना आणि मराठी अनुवाद : एक विचार

प्रिय व्यक्तीची उणीव जाणवणे ही भावना सार्वत्रिक असली, तरी तिची अभिव्यक्ती भाषेगणिक बदलते. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू मराठीत रुजविल्यापासून जपानी काव्याविषयी मराठी वाचकाला आस्था आहे. तथापि जपानी साहित्य मराठीत पुष्कळदा इंग्रजीमार्गे येते आणि या वळणावर विरहाचे शब्द झिजतात.

इंग्रजीतील ‘मिस’ हे सकर्मक क्रियापद होय. जपानीत त्याला नेमके प्रतिरूप असे एक क्रियापद नाही. तेथे ‘साबिशिइ’ (एकाकी, उदास वाटणे) हे विशेषण किंवा ‘आइताइ’ (भेटावेसे वाटते) हे इच्छादर्शक रूप योजले जाते. ‘तू नाहीस, म्हणून साबिशिइ’ असे म्हणताना बोलणारा कोणतीही कृती करीत नाही. तो केवळ रितेपण सांगतो. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ‘कोइ’ (प्रेम, ओढ) हा शब्द काही ठिकाणी ‘एकटा’ व ‘दुःख’ या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहिलेला आढळतो. तेथे प्रेम म्हणजे प्रामुख्याने जवळ नसलेल्याची ओढ होय.

मराठीची प्रकृती याच्याशी जुळते. ‘मला तुझी आठवण येते’, ‘मला करमत नाही’, ‘भेटावेसे वाटते’ या रचनांत अनुभवणारा कर्ता राहत नाही. भावनाच त्याच्याकडे येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानदेवांच्या विराण्या आणि जात्यावर माहेर आठवणाऱ्या स्त्रियांच्या ओव्या ही या भाषेची विरहसंपदा आहे. जपानी विरहासाठी मराठीला शब्द उसने घ्यावे लागत नाहीत.

एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. सामान्य जपानी बोलण्यात ‘साबिशिइ’ असे थेट विधान वक्ता स्वतःपुरतेच करतो. दुसऱ्याच्या मनाविषयी बोलताना ‘तसे दिसते’, ‘तशी लक्षणे आहेत’ असे सुचविणारी रूपे वापरावी लागतात. मराठीत ‘तिला करमत नाही’ हे वाक्य सहज चालते. त्यामुळे मुळातील संकोच अनुवादात हरवण्याचा धोका संभवतो. ‘तिला करमत नसावे’ हा पर्याय तो राखू शकतो.

निष्कर्ष : ‘मी तुला मिस करतो’ ही रचना आज मराठी बोलण्यात रूढ होत आहे. तीच अनुवादात उतरली, तर जपानीचा स्वभाव आणि मराठीचे ‘करमत नाही’ या दोहोंची हानी होते. म्हणून अनुवादकाने इंग्रजीचा आधार घेतला तरी शब्दाची निवड मात्र मराठीच्या घरातून करावी, असे म्हणता येईल.