तळे, सुटी आणि आठवण

ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाचा ‘वन्स मोर टू द लेक’ हा निबंध मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला शिकवतो. वडील दर ऑगस्टमध्ये सगळ्या कुटुंबाला घेऊन तळ्याकाठच्या लाकडी खोपीत महिनाभर राहत, एवढे सांगून झाले की वर्गात चुळबूळ सुरू होते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, महिनाभर? मग त्यांची रोजी कोण भरून देत होतं?” वर्ग हसला. मला हसू आले नाही. त्या निबंधावर मी जी समीक्षा वाचली होती, तिच्यात हा प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता.

निबंध थोर आहे हे आधी मान्य केले पाहिजे. थोर नसता तर त्याच्याशी भांडण्याचे कारणच नव्हते. १९०४ च्या सुमारास व्हाइटच्या वडिलांनी मेन राज्यातल्या तळ्यावर पहिल्यांदा खोप भाड्याने घेतली. पुढे वर्षानुवर्षे हे कुटुंब तेथे जात राहिले. मोठेपणी व्हाइट स्वतःच्या मुलाला घेऊन पुन्हा त्याच तळ्यावर गेला, आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये ‘हार्पर्स’ मासिकात हा निबंध आला. पहाटेचे स्तब्ध पाणी, गळाच्या टोकावर बसलेला चतुर, ओल्या लाकडाचा वास, हे सारे त्याला जसेच्या तसे सापडते. मुलाच्या जागी तो स्वतःला पाहतो आणि स्वतःच्या जागी वडिलांना. काळ सरकलाच नाही असे वाटत असताना शेवटी मुलगा थंडगार ओली चड्डी चढवतो, आणि बापाच्या अंगातून मृत्यूची शिरशिरी जाते. एका क्षुल्लक कृतीतून एवढा अर्थ काढणारा लेखक सामान्य नव्हे.

परंतु या निबंधाला ‘सार्वकालिक मानवी अनुभव’ म्हणतात तेथे थांबावे लागते. काळ थांबल्याचा हा भास कशावर उभा आहे? तळे तेथेच आहे, खोप भाड्याने मिळते आहे, शेतघरात जेवण तयार आहे. परत जाता येते, म्हणूनच पुन्हा तेच सापडते. जेवण वाढणाऱ्या खेड्यातल्या मुली लेखकाला वर्षांपूर्वीच्याच वाटतात, तशाच पंधरा वर्षांच्या. फरक एवढाच की सिनेमा पाहून त्या आता केस धुऊ लागल्या आहेत. वास्तविक आधीच्या मुलींची वये वाढली असणार, लग्ने झाली असणार, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या असणार. आपल्या म्हाताऱ्या होण्याने हादरणाऱ्या लेखकाला वाढणारीचे वय मात्र दिसत नाही. सेवा करणाऱ्याला काळ नसतो, ही प्रस्थापित साहित्याची जुनी खोड आहे. आपल्याकडच्या ललित निबंधांत परसदारी येऊन भाकरी मागणारी ‘प्रेमळ’ म्हातारी अशीच वर्षानुवर्षे त्याच वयाची राहते. आणि मेन हा मुळात वाबानाकी या आदिवासींचा प्रदेश. आठवण १९०४ पासून सुरू केली की त्याआधीच्यांचा हिशेब द्यावा लागत नाही.

तळ्याचे पाणी त्या काळात सर्वांसाठी सारखे नव्हते. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळत होता. उन्हाळ्याचा रविवार होता. किनाऱ्यावर काळ्यांची आणि गोऱ्यांची बाजू अलिखित नियमाने ठरलेली होती. तराफा वाहत त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेला. एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. जागेवरच्या पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. पुढे उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांत २३ काळी होती. पाण्यावर रेघ ओढता येत नाही असे म्हणतात. शिकागोत ती ओढलेली होती. आठच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सवर्णांनी ते तळे गोमूत्र-शेणाने ‘शुद्ध’ केले. ज्या वाचकाला हे माहीत आहे, त्याला ‘तळे’ हा शब्द व्हाइटसारखा निर्धास्तपणे वाचता येत नाही.

म्हणून व्हाइटच्या तळ्याशेजारी मला दुसरे तळे ठेवावेसे वाटते. मिशिगन राज्यातले आयडलवाइल्ड. पाइनची जंगले तोडून रिकाम्या झालेल्या जमिनीवर १९१२ च्या सुमारास गोऱ्या व्यापाऱ्यांनीच हे विश्रामस्थान काढले आणि भूखंड काळ्यांना विकले. भूखंड ३५ डॉलरला, ६ डॉलर आगाऊ आणि मग महिन्याला एक डॉलर. व्यापाऱ्यांना समतेचा पुळका नव्हता. काळ्यांना दुसरीकडे कोणी घेत नव्हते, हेच त्यांचे भांडवल होते. पण घेणाऱ्यांनी त्या जागेचे वेगळेच काही केले. हृदयावरच्या पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक करणारे डॉ. डॅनियल हेल विल्यम्स तेथे राहिले आणि १९३१ मध्ये तेथेच वारले. कादंबरीकार चार्ल्स चेस्नट उन्हाळ्यात तेथे येत. डुबॉइस यांनी १९२१ मध्ये ‘द क्रायसिस’ मधून या जागेचे कौतुक केले आणि स्वतः भूखंड घेतला. ज्या लहानशा खोपींत कुटुंबे राहत त्यांना लोक ‘कुत्र्याची घरे’ म्हणत. त्या घरांत वाढलेल्या मुलांच्याही आठवणी पोहण्याच्या, माशांच्या, रात्रीच्या गाण्यांच्याच आहेत. मात्र तळ्यापर्यंतचा रस्ता त्या आठवणींतून वगळता येत नाही. वाटेत कोणत्या हॉटेलात झोपायला मिळेल, कोठे पेट्रोल मिळेल, हे सांगणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांचे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून निघत होते. व्हाइटच्या रस्त्यावर फक्त घोड्याच्या टापांची मधली वाट नाहीशी झालेली असते. यांच्या रस्त्यावर रात्र पडण्याआधी पोहोचण्याची घाई असते.

आयडलवाइल्डलाही सोवळे मानण्याचे कारण नाही. तेथे प्रामुख्याने डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी आले. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला महिनाभराची सुटी तेथेही मिळत नव्हती. आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची दारे उघडल्यावर लोक दुसरीकडे जाऊ लागले, आयडलवाइल्ड ओस पडत गेले. काही जण याला शोकांतिका म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. महाडचा सत्याग्रह तळ्याचे पाणी गोड होते म्हणून झाला नव्हता, माणूस म्हणून समान हक्क प्रस्थापित करण्यासाठी झाला होता. वेगळ्या तळ्याची गरज संपणे हा विजयच आहे. मात्र त्या तळ्याकाठी माणसे जे शिकली, ते विसरले जाणे ही हानी आहे.

डॉ. म. ना. वानखडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांच्या साहित्याची आपल्याला ओळख करून दिली तेव्हा आपण त्यातला संताप घेतला. ते योग्यच होते. पण काळ्यांनी आनंदही लिहिला, हे आपण कमी लक्षात घेतले. माझी एक विद्यार्थिनी मला विचारते, “सर, आम्ही आनंद लिहिला तर ते दलित साहित्य राहील का?” प्रश्न साधा नाही. दलित लेखकाने दुःखच लिहावे ही अपेक्षा आता प्रकाशकाची आणि सवर्ण वाचकाचीही झाली आहे. ती मुकाट्याने पाळणे ही नवी वेठबिगारी आहे.

माझे बालपणही उन्हाळ्यात तळ्याकाठीच गेले. फरक इतकाच की तळे तेव्हा व्हायचे होते. रोजगार हमीवर आमच्या गावाचा पाझर तलाव चालू होता. आई खडी-मातीच्या पाट्या वाही. बाभळीला झोळी बांधलेली असे, तिच्यात धाकटी बहीण, आणि झोका द्यायला मी. दुपारच्या सुटीत बाया एकमेकींना घासातला घास देत, मुकादमाची नक्कल करीत, पोट धरून हसत. तलाव भरला तेव्हा पाणी खालच्या बागायतदारांच्या विहिरींना गेले. आम्हाला जमीनच नव्हती. शाळेत ‘मी सुटी कशी घालवली’ हा निबंध आला तेव्हा मी मामाच्या गावच्या आमराईबद्दल लिहिले. मामाला आमराई नव्हती. गुरुजींनी दहापैकी आठ गुण दिले.

गेल्या वर्षी मी आई, पत्नी आणि मुलीला घेऊन एका धरणाच्या जलाशयाकाठी दोन दिवस राहून आलो. लाकडी खोली होती, दारात पाणी होते. मुलगी पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. आई बराच वेळ बांधाकडे पाहत बसली आणि म्हणाली, “पिचिंग बरं केलंय. दगूड नीट बसवलाय.” मग नातीचे ओले केस पुसू लागली. व्हाइटला त्याच्या तळ्यावर मृत्यू आठवला. आईला दगड बसवणारे हात आठवले. दोन्ही आठवणी माणसाच्याच आहेत, पण दुसरीला निबंधात अजून जागा मिळालेली नाही.

तेव्हा व्हाइट वाचू नका असे मी विद्यार्थ्यांना सांगणार नाही. त्याची नजर घ्या, वास आणि ओलावा टिपण्याची त्याची हातोटी घ्या. आनंद लिहा, न लाजता लिहा. फक्त जेवण वाढणाऱ्या मुलीचे वय मोजा, आणि तळे कोणी खणले ते लिहायला विसरू नका. आणि आमराई नसेल तर ती आणू नका, गुण कमी पडले तरी चालतील.