सूत्रकृमींची ओळख : मोजमाप की शरीररचना?

प्रस्तावना

पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट परिसरात पावसाळा सुरू झाला की बेडूक, भेक व सरडे यांचा वावर वाढतो. त्यांच्या आतड्यात व फुप्फुसात आढळणाऱ्या परजीवी सूत्रकृमींचे वर्गीकरण हा शरीररचनेवर आधारलेला अभ्यास आहे. मराठवाड्यातील प्राणिशास्त्र विभागांना परजीवी कृमींच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. तथापि, आपल्या शोधनिबंधांतून या कृमींची ओळख ज्या पद्धतीने मांडली जाते, तिची चिकित्सा करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

संदर्भग्रंथांचे सामर्थ्य व मर्यादा

एच. ए. बेलिस यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतील दोन खंड (१९३६ व १९३९) भारतीय अभ्यासकांचा पाया ठरले. त्यांतील वर्णने आजही उपयुक्त आहेत. परंतु वर्गीकरणाची चौकट जुनी झाली आहे. अँडरसन, शाबो व विल्मॉट यांनी संपादित केलेल्या ओळख-किल्ल्या (१९७४ ते १९८३) ही चौकट सुधारतात. मात्र त्या अभ्यासकास जीनसपर्यंत, म्हणजे प्रजातीपर्यंतच नेतात. पुढील जातीनिश्चिती मूळ वर्णने व मूळ नमुने यांच्याशी ताडून करावी लागते. आपल्या अनेक निबंधांतील दोष नेमका याच टप्प्यावर दिसतो. तेथे तुलनेची जागा मोजमापांचा तक्ता घेतो.

रचनेची साक्ष

कृमीची लांबी त्याचे वय, पोशिंदा प्राणी, कृमींची दाटी व परिरक्षणाची पद्धत यांनुसार बदलते. म्हणून लांबीतील अल्प फरकावर नवी जाती उभी करणे धोक्याचे आहे. निर्णायक लक्षणे वेगळी असतात. बेडूक व भेक यांच्या आतड्यातील कॉस्मोसर्का व अप्लेक्टाना यांच्या माद्या सारख्या दिसतात. परंतु कॉस्मोसर्काच्या नराच्या शेपटीकडील भागावर संवेदी पिंडिकांना आधार देणाऱ्या ‘प्लेक्टेन’ नावाच्या कठीण रचना असतात, अप्लेक्टानात त्या नसतात. सरड्याच्या आतड्यातील स्ट्राँगिल्युरिसचा नर गुदद्वारापुढील चूषकावरून ओळखता येतो. अशा ठिकाणी केवळ माद्यांवरून काढलेला निष्कर्ष दुबळा ठरतो.

याउलट, बेडकाच्या फुप्फुसातील ऱ्हॅब्डियासची परजीवी पिढी उभयलिंगी असते, तेथे नर सापडतच नाही. म्हणजे एकच कसोटी सर्वत्र लावता येत नाही; मुखभाग, अन्ननलिका व शेपटी यांचे एकत्रित निरीक्षण करावे लागते. ‘पोशिंदा नवा, म्हणून जाती नवी’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण एकच जाती अनेक पोशिंद्यांत आढळू शकते.

प्रश्नाचे गांभीर्य

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीसाठी प्ररूप नमुना स्पष्टपणे निश्चित करणे व तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे वा ठेवला जाईल हे नोंदविणे बंधनकारक आहे. नमुना विभागाच्या कपाटातच राहून हरवला, तर त्या नावाची पडताळणी कोणी कशी करावी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिविच्छेदन थांबविण्याची भूमिका घेतली, ती योग्यच होती. पूर्वी वर्गात बेडकाचे विच्छेदन होई तेव्हा त्याच्या आतड्यातील कृमी बहुधा ताटलीतील पाण्याबरोबर फेकले जात. आता ती सोय नाही. म्हणून महाविद्यालयांत उरलेल्या जुन्या काचपट्ट्या व बाटल्या हीच आपली पुंजी आहे, आणि स्थळ, दिनांक व पोशिंद्याचे नाव यांची चिठ्ठी नसेल तर तीही निरुपयोगी आहे.

समारोप

नव्या जातीचा दावा करणाऱ्या निबंधात नराच्या शेपटीचे व मुखाचे प्रमाणबद्ध रेखाचित्र, अनेक नमुन्यांतील फरकांची नोंद आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संग्रहातील नोंदणी असावी, असा आग्रह संपादक व परीक्षक या दोघांनीही धरावा. काही नमुने फॉर्मॅलिनऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवल्यास पुढे डीएनएची तपासणीही शक्य होईल. जातींची संख्या वाढविण्यापेक्षा एका जातीचे विश्वासार्ह पुनर्वर्णन करणे हे अधिक मोलाचे संशोधन होय.