घरी न लिहिलेलं पत्र : किशोर सैनिकांच्या कादंबऱ्या वाचताना

आजचा विषय 'युद्ध आणि किशोरसाहित्य' असा जाहीर झाला आहे. तो फार मोठा आहे, एका व्याख्यानात मावणार नाही. म्हणून मी तो जरा लहान करून घेते. सोळा, सतरा, अठरा वर्षांची मुलं सैनिक होऊन लढायला जातात आणि त्यांची गोष्ट त्याच वयाच्या वाचकांसाठी लिहिली जाते, अशा कादंबऱ्यांबद्दल बोलू या. त्यातही मुख्यतः एकीबद्दल. अमेरिकन लेखक वॉल्टर डीन मायर्स यांची १९८८ साली आलेली 'फॉलन एंजल्स'.

अशी कादंबरी हातात आली की आपण काय बघतो? लढाई खरी वाटते का, रक्तपात किती आहे, मुलांना झेपेल का. माझं म्हणणं असं की हे सगळं नंतर बघा. आधी त्यातली पत्रं बघा. मुलगा घरी काय लिहितो, काय लिहीत नाही, आणि तो मेला तर त्याच्या घरी काय लिहून जातं. कादंबरी खरी आहे की पोकळ, हे तिथे कळतं.

गोष्ट थोडक्यात सांगते. रिची पेरी हा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. शाळा संपली आहे, लिहिण्याची आवड आहे, पण कॉलेजसाठी पैसे नाहीत. आई दारूच्या आहारी गेलेली. धाकटा भाऊ केनी अजून शाळेत. रिचीचा हिशोब सरळ आहे : सैन्यात गेलो तर पगारातून केनीचे कपडे येतील, त्याची शाळा सुटणार नाही. देशप्रेम वगैरे त्या हिशोबात फारसं नाही. आता रिचीचा गुडघा दुखावलेला आहे, त्यामुळे त्याला प्रत्यक्ष लढाईवर पाठवायचं नव्हतं. पण ते कागद वेळेवर पोचत नाहीत. कागद पोचला नाही की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. (हशा) इथे त्याचा परिणाम असा की १९६७ मध्ये रिची व्हिएतनामच्या जंगलात गस्तीवर असतो.

त्याच्या तुकडीतली पोरं बघा. शिकागोचा पीवी. व्हिएतनाममध्ये असताना त्याला तीन गोष्टी करायच्या आहेत. त्यांतल्या दोन म्हणजे कॉर्क लावलेल्या बाटलीतली वाइन प्यायची आणि सिगार ओढायचा. तिसरी मी इथे सांगत नाही. (हशा) लोबेल नावाचा मुलगा समोर जे घडतं ते सगळं सिनेमाच्या भाषेत बोलतो. जेन्किन्सचे वडील कर्नल आहेत, त्यांच्या हट्टापायी तो पायदळात आलेला. हा जेन्किन्स सुरुवातीच्याच एका गस्तीवर सुरुंगावर पाय पडून मरतो. वाचकाची त्याच्याशी अजून नीट ओळखही झालेली नसते. माझ्या मते हे मायर्स यांनी मुद्दाम केलं आहे. युद्धात माणसं ओळख होईपर्यंत थांबत नाहीत.

आता पत्रांकडे येऊ. त्या तुकडीतून बाहेर दोन प्रकारचा मजकूर जातो. एक म्हणजे शत्रूचे किती मारले त्याचा आकडा. कॅप्टन स्ट्यूअर्टला बढती हवी आहे, त्यामुळे तो आकडा फुगत जातो. दुसरा म्हणजे मेलेल्या मुलाच्या घरी जाणारं पत्र. त्याची एक ठरलेली भाषा असते : शूर होता, सगळ्यांचा लाडका होता. आकडा फुगवलेला, पत्र गुळगुळीत. दोन्हीत मोठ्या माणसांची सोय आहे. मुलगा नक्की कसा मेला, हे दोन्हीत कुठेच नाही.

आणि मग लेफ्टनंट कॅरल मारला जातो. हा तरुण अधिकारी मुलांना धरून असायचा, त्यांच्या मेलेल्या सोबत्यांसाठी प्रार्थना म्हणायचा. त्याच्या बायकोला पत्र लिहायचं काम रिचीवर येतं, कारण त्याला लिहिता येतं. ज्या मुलाला लेखक व्हायचं होतं, त्याला मिळालेलं हे महत्त्वाचं लेखन! कॉलेजात गेला असता तर निबंध लिहिला असता, इथे विधवेला पत्र लिहितो. मला हा सगळ्या कादंबरीचा मध्यबिंदू वाटतो.

केनीला मात्र रिचीला हवं तसं लिहिता येत नाही. भाऊ म्हणजे हिरो, आपली बाजू चांगल्यांची, अशा कल्पनेत वाढणाऱ्या पोराला काय सांगायचं? समोरासमोर आलेल्या माणसाची बंदूक उडली नाही, आपली उडाली, म्हणून आपण जिवंत आहोत, हे सांगायचं? एका बाईने मूल सैनिकाच्या हातात दिलं आणि त्या मुलाच्या अंगावर स्फोटकं बांधलेली होती, हे सांगायचं? रिची ते बोलतो, पण केनीशी नाही, आपल्याशी. म्हणजे केनीला न गेलेलं पत्र आपल्या हातात असतं आणि आपण वाचतो ती कादंबरी तेच पत्र आहे. वाचक केनीच्याच वयाचा असतो, हे विसरू नका.

इथे लेखकाच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मायर्स स्वतः १९५४ मध्ये सतराव्या वर्षी सैन्यात गेले होते. त्यांचा धाकटा भाऊ पुढे सैनिक झाला आणि १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. हे पुस्तक त्यालाच अर्पण केलं आहे. आता उलटापालट बघा. प्रत्यक्षात धाकटा गेला आणि थोरला मागे राहिला. कादंबरीत थोरला जातो आणि धाकटा घरी सुरक्षित असतो. वीस वर्षांनी थोरल्याने भावाला कथेत तरी घरी ठेवलं. चरित्रावरून साहित्याचा अर्थ लावू नये असं आपण म्हणतो, पण इथे डोळे मिटून घेणंही बरोबर नाही.

पत्राचा हा धागा जुना आहे. रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' १९२९ मध्ये पुस्तकरूपात आली, १९३३ मध्ये नाझींनी ती जाळली. त्यात पॉल सुट्टीवर घरी येतो आणि मेलेल्या मित्राच्या आईला भेटतो. मित्र पाय कापल्यानंतर हॉस्पिटलात हळूहळू गेला आहे. पॉल आईला सांगतो की तो क्षणात गेला, आणि ती शपथ घ्यायला लावते तेव्हा खोटी शपथही घेतो. इथे पॉल स्वतःच ते गुळगुळीत पत्र झाला आहे, तेही मायेपोटी.

मायकेल मॉर्पर्गो यांच्या 'प्रायव्हेट पीसफुल'ची (२००३) सुरुवातच एका पत्रातून झाली. बेल्जियममधल्या ईप्र गावच्या युद्धसंग्रहालयात त्यांनी एका आईला आलेलं पत्र पाहिलं. मुलाला भित्रेपणाबद्दल गोळ्या घालून मारलं, एवढंच कळवणारं. त्यांच्या कादंबरीतला टॉमो वय खोटं सांगून पहिल्या महायुद्धात जातो आणि एक अख्खी रात्र जागून आपलं बालपण आठवतो. प्रकरणांना घड्याळातल्या वेळांची नावं आहेत. पहाटे जखमी टॉमोला सोडून पुढे जायला नकार देणाऱ्या त्याच्या भावाला, चार्लीला, स्वतःच्याच सैन्याकडून मृत्युदंड मिळणार असतो. असा दंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली.

आता उणिवा. समीक्षेत फक्त कौतुक करून चालणार नाही. 'प्रायव्हेट पीसफुल'मधला सार्जंट हॅनले इतका दुष्ट आहे की सगळा दोष त्याच्या माथी जातो, आणि असे कायदे करणारी व्यवस्था सहज निसटते. 'फॉलन एंजल्स'ची उणीव मोठी आहे. तिथे व्हिएतनामी माणसाला चेहरा जवळजवळ नाही. तो झाडीतून येतो, मारतो किंवा मरतो. त्याचाही कुणी केनी असेल. रिचीला ते अधूनमधून जाणवतं, पण कादंबरी त्या बाजूचं एकही पत्र उघडत नाही. मूल हातात देणाऱ्या त्या बाईबद्दल आपल्याला भीती वाटते, प्रश्न पडत नाही. शिकवताना हे सांगितलंच पाहिजे.

हे सगळं परक्यांचं आहे असं वाटेल, म्हणून एक आठवण. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचत असे. त्याने करून ठेवलेल्या भाषांतरांमुळेच त्यांतली बरीचशी आज आपल्याला वाचायला मिळतात. अनेकांना लिहिता येत नव्हतं, ते दुसऱ्याकडून लिहून घेत. मग सांकेतिक बोलणं आलं : काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं कळवलं की घरच्यांनी समजायचं.

अमेरिकेत 'फॉलन एंजल्स' शाळांतून काढा अशी मागणी वारंवार झाली. कारण? शिव्या. पालकांची संमती असेल तर तिथे सतराव्या वर्षी सैन्यात जाता येतं, पण त्याच वयात सैनिकाच्या तोंडची शिवी वाचायला आक्षेप. आपल्याकडे २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत प्रवेशाचं वय साडेसतरापासून सुरू होतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पहाटे रस्त्यावर धावणारी, भरतीची तयारी करणारी मुलं आपण बघतो. रिचीसारखाच हिशोब त्यांतल्या कितीतरी घरांत असतो : धाकट्याचं शिक्षण, घराचं कर्ज. शौर्यगाथा त्यांना भरपूर मिळतात. असं पुस्तक मात्र क्वचितच कुणी देतं.

एक प्रश्न आला होता, तो घेते आणि थांबते.

प्रश्न : पण अशा पुस्तकांनी मुलांची हिंमत खचणार नाही का? जो भरतीला निघालाय त्याला हे कशाला द्यायचं?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. रिची परत येतो तेव्हा भित्रा झालेला नसतो. विमानात त्याच्यासोबत पीवी असतो आणि शवपेट्याही असतात. त्याची हिंमत गेलेली नाही, तिची किंमत त्याला कळली आहे. जो मुलगा हे वाचून जाणार नाही, त्याने तो निर्णय समजून घेतला. जो तरीही जाईल, त्यानेही समजून घेतला. आणि तो गेला, तर घरच्यांनीही हे वाचलेलं असावं. म्हणजे त्याचं 'मी मजेत आहे' असं पत्र, आता फोन म्हणू या, आलं की त्यांना पुढचं विचारता येईल. मुलांच्या हातात पुस्तक देताना 'यातून काय शिकलास' असं विचारू नका. 'तू रिची असतास तर केनीला काय लिहिलं असतंस' असं विचारा. वर्गात एकदा लिहूनच घ्या.