सुईतली चिप आणि दारावरचे प्रमाणपत्र

कोरोनाच्या साथीच्या काळात, म्हणजे साधारण २०२० ते २०२२ या तीन वर्षांत, लशीविषयी जी चर्चा जगभर झाली तिच्यात तीन वेगवेगळे विषय एकत्र कालवले गेले. पहिला विषय, लशीबरोबर माणसाच्या शरीरात मायक्रोचिप सोडली जाते हा दावा. दुसरा, लस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय प्रवास, नोकरी, उपाहारगृह यांची दारे उघडायची नाहीत, हे अनेक सरकारांनी खरोखरच राबवलेले धोरण. आणि तिसरा, या सगळ्यामागे मोजक्या लोकांचा कट आहे ही समजूत. साथ ओसरली, पण हा काला अजून निवडला गेलेला नाही. वर्गात लसीकरणाचा धडा निघाला की चिपचा प्रश्न येतो, आणि बहुधा तो हसण्यावारी जातो. हसण्याने प्रश्न सुटत नाही, आणि या काल्यात एक खरा, महत्त्वाचा प्रश्नही बुडून गेला, असे आम्हांला वाटते. म्हणून या चर्चेची थोडी चिकित्सा करू.

दावा आला कोठून?

१८ मार्च २०२० रोजी बिल गेट्स यांनी इंटरनेटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. एका उत्तरात ते म्हणाले की, कोण आजारातून बरे झाले, कोणाची तपासणी झाली आणि लस आल्यावर ती कोणी घेतली हे दाखवणारी डिजिटल प्रमाणपत्रे पुढे येतील. त्यात चिपचा उल्लेख नव्हता. त्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. या कामाला गेट्स फाउंडेशनचे अर्थसाहाय्य होते. गरीब देशांत मुलांची लसीकरणाची कार्डे हरवतात, मग कोणती लस दिली आणि कोणती राहिली हे कळत नाही, ही त्यामागची अडचण. उपाय म्हणून त्यांनी बारीक सुयांच्या पट्टीने त्वचेत एक रंगद्रव्य सोडून पाहिले. ते डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त प्रकाशात चमकते आणि थोडा फेरफार केलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्वचेजवळून पाहता येते. प्रयोग उंदरांवर झाला होता. या रंगद्रव्यात ना विद्युतमंडल, ना बॅटरी, ना संदेश पाठवण्याची सोय.

हे उत्तर आणि हा निबंध या दोन गोष्टी कोणीतरी एकत्र जोडल्या आणि काही दिवसांतच 'गेट्स लशीतून चिप बसवणार' अशी बातमी फिरू लागली. मे २०२० मध्ये याहू न्यूज आणि यूगव्ह यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत २८ टक्के प्रौढांनी हे खरे असल्याचे सांगितले. तोपर्यंत कोरोनाची लस बाजारात यायचीच होती.

चिपला काय जमते?

शरीरात बसवलेली चिप ही काही कल्पनेतली वस्तू नव्हे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे केव्हिन वॉरविक यांनी १९९८ मध्ये स्वतःच्या दंडात अशी चिप बसवून घेतली होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्हेरिचिप नावाच्या अशाच चिपला वैद्यकीय नोंदींसाठी परवानगी दिली. ग्राहक फारसे मिळाले नाहीत आणि २०१० मध्ये तिची विक्री थांबली. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी हौसेने हातात चिप बसवून घेतली आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील एका कंपनीने आपल्या चिपमध्ये कोरोना लशीचे प्रमाणपत्र साठवून दाखवले. तेव्हा 'अशी चिप असूच शकत नाही' असे ठोकून देणारा मनुष्य चर्चेत पहिल्याच फेरीत हरतो.

या चिपचे काम दहावीच्या विद्यार्थ्याला समजण्यासारखे आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ती काचेची नळी असते. आत एक तारेचे वेटोळे आणि एक लहानसे मंडल. बॅटरी नसते. बाहेरचे वाचक यंत्र काही सेंटिमीटरवर आणले की त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात विद्युतप्रवाह प्रवर्तित होतो. रोहित्रात घडते तेच हे. त्या प्रवाहावर चिप क्षणभर जागी होते आणि आपल्यात साठवलेला क्रमांक सांगते. यंत्र दूर नेले की ती निपचित.

आता विज्ञानाच्या बाजूने दिल्या गेलेल्या उत्तराकडे पाहू. 'लशीची सुई इतकी बारीक असते की तिच्यातून चिप जाऊच शकत नाही' हे उत्तर सर्वत्र दिले गेले. सुईचे आतील छिद्र पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे असते, त्यामुळे वर वर्णन केलेली नळी तिच्यातून जाणार नाही, हे खरे. पण हिताची कंपनीने २००७ मध्ये ०.०५ मिलिमीटर बाजूची चिप जाहीर केली होती. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अभियंत्यांनी ०.१ घन मिलिमीटरपेक्षाही लहान, सुईने टोचता येईल अशी तापमान मोजणारी चिप उंदरात बसवून दाखवली. म्हणजे आकाराचा मुद्दा कच्चा होता. ज्याला या चिपा माहीत होत्या त्याला वाटले की शास्त्रज्ञ काहीतरी लपवत आहेत. खरे निष्कर्ष सांगण्यासाठीसुद्धा लंगडे कारण देऊ नये, हे यातून शिकावे.

भक्कम उत्तर ऊर्जेचे आणि अंतराचे आहे. चिप कितीही बारीक झाली तरी तिला संदेश पाठवायला अँटेना लागतो. हिताचीच्या पूर्वीच्या चिपा २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालत. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागले तर तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर येते, आणि अँटेना तिच्या एखाद्या मोठ्या अंशाएवढा असावा लागतो. त्यापेक्षा फार लहान केला तर पल्ला झपाट्याने घटतो. शिवाय आपले शरीर म्हणजे बव्हंशी खारट पाणी, ते अशा लहरी शोषून घेते. कोलंबियाच्या त्या चिपला ऊर्जा देण्यासाठी शरीरालगत अल्ट्रासाउंडचे यंत्र धरावे लागले. 'जीपीएस'ने माग काढण्याचे म्हणाल, तर ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि आपल्याकडचे यंत्र त्यांचे संदेश केवळ ऐकते. स्वतःचा ठावठिकाणा दुसऱ्याला कळवायचा तर वेगळा प्रक्षेपक आणि त्याला पुरेशी बॅटरी हवी. मोबाइलमध्ये हे दोन्ही असते, म्हणूनच तो रोज चार्ज करावा लागतो.

आणखी एक उत्तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच होते. भारतात दिलेल्या कोविशील्डच्या एका कुपीत ५ मिलिलिटर लस असे आणि तिच्यातून अर्ध्या मिलिलिटरच्या दहा मात्रा काढल्या जात. त्या द्रवात चिपा असत्या तर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर एकच कशी आली असती? आणि कोणती कोणाला गेली याची नोंद कोणी ठेवली असती? परिचारिकेने कुपी उलटी धरून मात्रा ओढताना ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न पटकन पटतो.

नाशिकचे चुंबक

जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकाने लशीची दुसरी मात्रा घेतल्यावर आपल्या अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात असे सांगितले आणि ती चित्रफीत देशभर पसरली. लशीत चुंबक असल्याचे व्हिडिओ त्याच सुमारास परदेशांतही फिरत होते. येथे वादापेक्षा प्रयोग उपयोगी. गुळगुळीत, हलकी वस्तू ओलसर त्वचेवर दाबली की घाम आणि त्वचेवरचा तेलकटपणा यांमुळे ती चिकटून राहते. अंगावर टाल्कम पावडर चोळून पुन्हा पाहावे. चुंबकत्वाला पावडरीने फरक पडत नाही, चिकटण्याला पडतो. पुढे लस न घेतलेल्या माणसावर आणि प्लास्टिकच्या चमच्यावरही तोच प्रयोग करावा. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

न विचारलेला प्रश्न

इथवर विज्ञानाचे काम सोपे होते. प्रमाणपत्राचा प्रश्न तसा नाही. लशीचे प्रमाणपत्र मागणे ही नवी गोष्ट नव्हे. पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड आंतरराष्ट्रीय प्रवासात अनेक दशके चालत आले आहे. पण परदेशी जाण्यासाठी कार्ड मागणे वेगळे आणि रोजच्या कामावर जाण्यासाठी मागणे वेगळे.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांना पुन्हा खुली झाली. अट अशी की दोन्ही मात्रा झालेल्या असाव्यात आणि दुसरीला १४ दिवस उलटलेले असावेत. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर होते. ८४ आणि १४ मिळून ९८ दिवस. १५ ऑगस्टपासून ९८ दिवस मागे गेलो की ९ मे येतो. आणि १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली १ मे रोजी. टंचाईमुळे त्यांचे सरकारी लसीकरण राज्यात मे महिन्यातच थांबवावे लागले आणि ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. म्हणजे ज्या वयाची माणसे लोकलने कामाला जातात, त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या दिवशी ही अट पुरी करणे तारखांच्या हिशेबानेच अशक्य होते. त्यांचा लशीला विरोध नव्हता. त्यांना लस मिळाली नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश काढताना कायद्यातील कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचा ठपका ठेवला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नाही, पण कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. लस न घेतलेल्यांपासून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे हे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नसल्याने त्यांच्यावरील निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरतात, असेही म्हटले. गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यात लस उपयोगी आहे, पण संसर्ग पसरणे तिने किती काळ आणि किती थांबते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रमाणपत्राच्या अटीचे समर्थन दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

नोंदींचेही तेच. आपली माहिती कोणाकडे जाते ही शंका मुळीच वेडगळ नव्हती. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये, मोबाइल क्रमांक दिला की लस घेतलेल्याचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक टेलिग्रामवर मिळतो, अशा बातम्या आल्या. कोविनमधून थेट गळती झाल्याचा इन्कार सरकारने केला. माहितीची खरी जोखीम नोंदवहीत होती, आणि लोक दंडात शोधत राहिले. ज्यांनी त्यांची थट्टा केली त्यांनीही नोंदवहीकडे पाहिले नाही. प्रमाणपत्राविषयी साधी शंका घेणाराही चिपवाल्यांच्या पंगतीत बसवला गेला, आणि या चर्चेचा सर्वांत मोठा तोटा आम्ही हाच मानतो.

कट असतात का?

असतात. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा शोध घेताना अमेरिकेच्या सीआयएने पाकिस्तानातील अबोटाबाद येथे हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाची बनावट मोहीम चालवली होती. हे उघडकीला आले आणि पोलिओ डोस देणाऱ्यांवरचा संशय वाढला. पुढे त्या देशात अनेक लसीकरण कर्मचारी मारले गेले. मे २०१४ मध्ये अमेरिकी सरकारला जाहीर करावे लागले की सीआयए यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही.

मग हा कट खरा आणि चिपचा खोटा, हे ठरवायचे कसे? अबोटाबादच्या आरोपाला ठिकाण होते, काळ होता, मर्यादित हेतू होता. तो तपासता येत होता आणि तपासात खोटाही ठरू शकला असता. पत्रकारांनी तो काही महिन्यांत बाहेर काढला. चिपच्या कटात मात्र अनेक देशांतील परिचारिका, डॉक्टर, कारखान्यांतील कामगार सगळेच सामील असावे लागतात. कुपीतील द्रव तपासून काही सापडले नाही, तर तपासणाराही कटातला ठरतो. ज्या विधानाला कोणताच पुरावा खोटे ठरवू शकत नाही, ते तपासण्याच्या पलीकडे गेलेले असते.

वर्गात हा विषय निघाला तर तीन रकाने आखावेत, असे आम्ही सुचवू. असे होऊ शकते का? असे झाले का? असे करणे योग्य आहे का? पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्र देईल, दुसऱ्याचे पुरावा. तिसऱ्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते नागरिकशास्त्राच्या तासाला, आकडेवारी समोर ठेवून, एकमेकांचे ऐकून शोधावे लागते. विद्यार्थ्यांनी आपापल्या शंका योग्य रकान्यात लिहिल्या की पुष्कळसे काम झाले. कोणाची शंका कोणत्याही रकान्यात असो, ती विचारल्याबद्दल त्याला हसू नये, एवढे पथ्य शिक्षकाने पाळावे.